गाडीनं हवा धरलीय? कूलिंगची एअर घरच्या घरी अशी काढा

नदीवरच्या मोटारीनं हवा धरली की काय होतं, हे पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. मोटार जोरात फिरते, आवाज हलका येतो आणि पाटात थेंब नाही. फूटव्हॉल गळका असतो, सक्शनच्या पायपात हवा शिरते, मग पंप नुसताच फिरत बसतो. अशा वेळी वरून बादलीनं पाणी ओतायचं, बुडबुडे संपेपर्यंत थांबायचं आणि मगच बटण दाबायचं. हे सगळं लहानपणापासून बघितलेल्या मला, आपल्या गाडीच्या बॉनेटखालीही इंजिन गार ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, फिरवणारा असाच एक पंप आहे आणि तोही हवा धरतो, हे कळायला करूळ घाट चढावा लागला.

कणकवलीला एका लग्नाला जायचं होतं, म्हणून आदल्या दिवशी रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, बदलून घेतला. गॅरेजवाल्यानं जुना काढला, नवा बसवला, कूलंट ओतलं, कॅप लावली. पंधरा मिनिटांत गाडी माझ्या हातात. जाताना गगनबावड्यावरून खाली उतारच, त्यामुळे काही कळलं नाही. येताना वैभववाडी सोडून घाटाला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर काटा चढायला लागला. थांबलो की झपकन खाली, चाललो की पुन्हा वर. कसाबसा कोल्हापुरात पोचलो. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दाखवली तर निदान झालं, ‘हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल.’ हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची सील. आकडा ऐकून मलाच ताप आला.

खोलायच्या आधी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारावं म्हणून गेलो. त्यांनी वरचा होज चाचपला, खालचा चाचपला, कॅपवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हेड-बिड काय न्हाई मालक. हवा धरलीया तिनं. सकाळी थंड गाडी घिऊन या.” सकाळी त्यांनी दीड तास काम केलं. त्यातला तासभर आम्ही चहा पीत बसलो होतो. गाडी आजतागायत ठणठणीत आहे.

त्यानंतर स्वतःची, भावाची, शेजाऱ्यांची मिळून बऱ्याच गाड्यांची हवा काढली. हाताचं काम थोडं, थांबण्याचं जास्त. गॅरेजमध्ये ते नीट होत नाही त्याचं कारणही हेच: दारात चार गाड्या उभ्या असताना एका गाडीजवळ नरसाळं धरून कोण बसणार?

हवा धरलीय हे कशावरून ओळखायचं

कूलंट इंजिनाच्या आतल्या पोकळ्यांतून फिरताना धातूला चिकटून जातं आणि उष्णता उचलून नेतं. वाटेत हवेचा फुगा असेल तर त्या जागी उष्णता उचलायला कुणीच नाही. तेवढा भाग तापतो, शेजारचं कूलंट उकळतं, त्याची वाफ होते आणि फुगा आणखी मोठा होतो. इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देतो तो थर्मोस्टॅट. त्याच्या पोटातलं मेण गरम कूलंटनं वितळून फुगतं तेव्हा त्याची झडप उघडते. त्याच्याभोवती कूलंटऐवजी हवा असेल तर झडप उशिरा उघडते. आणि तापमानाचा सेन्सर जर नेमका हवेत अडकला असेल तर काटा खोटं बोलतो. यातलं हे शेवटचं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण आत इंजिन भाजत असतं आणि काटा निवांत असतो.

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर हवेचा संशय घ्या:

- काटा एका जागी न थांबता वर-खाली होतो.
- हीटर लावला तर रेस केल्यावर गरम वारा आणि सिग्नलला उभं राहिलं की गार वारा. (उन्हाळ्यात हीटर लावून बघायचं कुणाच्या मनात येत नाही, म्हणून हे लक्षण हमखास सुटतं.)
- गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डच्या मागून ओढ्यासारखा खळखळ आवाज.
- बाटलीतली पातळी कारण नसताना एकदा वर, एकदा खाली.

नुकतंच कूलंट, होज, वॉटर पंप, थर्मोस्टॅट किंवा रेडिएटरचं काम झालं असेल तर संशय जवळपास पक्का. कशालाही हात न लावता हवा शिरली असेल तर मात्र ती कुठून शिरली ते आधी शोधायला हवं. त्याबद्दल नवव्या पायरीत लिहिलंय, ते वाचून मगच सुरुवात करा.

काय काय जमवायचं

- गाडीसोबत आलेलं पुस्तक. कूलंटचा प्रकार आणि किती लिटर मावतं हे त्यात असतं. लहान हॅचबॅकमध्ये साधारण साडेतीन ते पाच लिटर, मोठ्या गाड्यांत बरंच जास्त.
- पुस्तकात सांगितलेलं कूलंट, एक-दोन लिटर. तयार मिश्रण असेल तर तसंच ओतायचं. घट्ट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात, बहुधा निम्मं-निम्मं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून मगच.
- मोठं नरसाळं. कूलिंगसाठी खास घट्ट बसणारी नरसाळी ऑनलाइन मिळतात. नसेल तर लिटरची पाण्याची बाटली बूड कापून उलटी धरा आणि तोंडाला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसवा. माझी अजून तीच आहे. फक्त पातळ प्लास्टिक गरम कूलंटनं मऊ पडतं, जाड बाटली निवडा.
- पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, छोटे पाने, उजेडाला बॅटरी (टॉर्च).
- जाड फडकं, हातमोजे, खाली ठेवायला पसरट घमेलं.
- चाकामागे लावायला दोन दगड किंवा विटा.
- असेल तर ओबीडी स्कॅनर. गाडीला लावून मोबाइलवर तापमानाचा खरा आकडा दिसतो. हल्लीच्या पुष्कळ लहान गाड्यांत काटाच नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा. आणि काटा असतो तोही बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा बांधलेला असतो. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

१. गाडीची जात ओळखा

बॉनेट उघडून बघा. रेडिएटरच्या डोक्यावरच धातूची कॅप असेल आणि बाजूला एक साधी प्लास्टिकची बाटली बारीक नळीनं जोडलेली असेल, तर तो जुन्या पद्धतीचा प्रकार. मारुती ८०० आणि तिच्या पिढीच्या गाड्या अशा. इथे खरी कॅप रेडिएटरवरची. बाटलीत ओतलेलं कूलंट रिकाम्या रेडिएटरमध्ये आपोआप जात नाही. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर निम्मा रिकामा, अशी गाडी मी स्वतः बघितली आहे, आणि मालक म्हणत होता, “कूलंट तर फुल्ल आहे की!”

रेडिएटरवर कॅपच नसेल आणि जाड बाटलीलाच आट्याची मोठी कॅप असेल, बाटलीला जाड होज जोडलेले असतील, तर तो दुसरा प्रकार. यात बाटलीही दाबाखाली असते, आणि ती उंचावर बसवलेली असते ती हवा तिच्याकडे यावी म्हणूनच.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर इथेच थांबा. त्यांचे पंप विजेवर चालतात आणि हवा काढायला बहुतेक वेळा स्कॅनरवरून पंप फिरवावा लागतो. काही पेट्रोल-डिझेल गाड्यांतही आता असे पंप आहेत. त्यात घरगुती हात घालू नका.

२. इंजिन पूर्ण गार होऊ द्या

‘जरा कोमट आहे, चालेल’ हे चालत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात चांगली. नाहीतर किमान तीन तास. वरचा होज दाबून बघा: कडक लागला तर आत अजून दाब आहे.

कारण सांगतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मं कूलंट-निम्मं पाणी हे मिश्रण त्याच्या आठ-नऊ अंश पुढे जातं. कॅपची स्प्रिंग आत साधारण एक बारचा दाब धरून ठेवते म्हणून तेच मिश्रण १२० अंशांच्या पुढेही उकळत नाही. तापलेल्या इंजिनाची कॅप उघडलीत की तो दाब एका क्षणात जातो, आतलं सगळं एकदम उकळतं आणि कारंजासारखं तोंडावर येतं. फडकं टाकून, हळूहळू, एक आटा असल्या युक्त्या कुणी सांगितल्या तरी ऐकू नका. चेहरा भाजलेल्या माणसांनीही फडकं वापरलेलंच असतं.

३. गाडीचं तोंड वर करा

हवा वर चढते, म्हणून बाहेर पडायचं तोंड सगळ्यात उंच पाहिजे. गाडी चढाकडे तोंड करून लावा. कोल्हापुरात चढ शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक आहे. टेंबलाई टेकडीकडे राहणाऱ्यांना तर दारातच. सपाट जागाच असेल तर पुढची चाकं मजबूत रॅम्पवर चढवा. नुसत्या जॅकवर उचललेली गाडी सुरू करू नका.

हँडब्रेक ओढा, न्यूट्रल (ऑटोमॅटिकला पार्किंग), मागच्या चाकांमागे दगड. जागा उघडी हवी. इंजिन अर्धा तास चालणार आहे, बंद गॅरेजात त्याचा धूर जिवावर बेतेल. आणि लहान मुलं, मांजरं, कुत्री लांब. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट चवीला गोडसर असतं आणि विषारी असतं. सांडलेलं चाटून जनावर मरतं.

४. हीटर पूर्ण गरम, एसी बंद

चावी ऑन करून हीटरची कळ पार लाल टोकाला न्या, पंखा एक नंबरवर. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या मागे उंचावर असतो आणि हवेला तिथं दडून बसायला फार आवडतं. काही गाड्यांत हीटर बंद असला की तिकडे जाणारी वाटच झडपेनं बंद होते. मग बाकीची हवा काढलीत तरी तिथला फुगा तसाच राहतो. दोन दिवसांनी तोच इंजिनात येतो आणि तुम्ही म्हणता, ‘परवाच तर काढली होती!’ ज्या गाड्यांत अशी झडप नाही त्यांतही हीटर चालू ठेवा, कारण शेवटी तपासणीला उपयोग होतो.

एसी बंद का? एसी लावला की रेडिएटरचा पंखाही चालू होतो. आपल्याला तो इंजिन तापल्यावर स्वतःहून चालू होतो का, हे बघायचंय.

५. हळू भरा, होज दाबा

कॅप काढा, नरसाळं बसवा आणि कूलंट बारीक धारेनं ओता. भसाभस ओतलं की आतली हवा वर यायच्या ऐवजी तिथंच कोंडते. दुधाच्या पिशवीतून घाईनं दूध ओतताना जसं गटगट अडकतं, तसं. भरत आलं की थांबा, वरचा आणि खालचा होज हातानं दाबून सोडा. दहा-पंधरा वेळा. नरसाळ्यात मोठे बुडबुडे आणि ढेकर येतील, पातळी खाली जाईल. पुन्हा ओता, पुन्हा दाबा. इंजिन सुरू करायच्या आधी निम्म्याहून जास्त हवा इथंच निघते, आणि ही पायरी गाळली तर पुढचं सगळं दुप्पट लांबतं.

रेडिएटर कॅपवाल्या गाडीत नरसाळं निम्मं भरलेलं ठेवा, म्हणजे सगळ्यात उंच पातळी तुमच्या डोळ्यांसमोर असते. बाटलीवाल्या गाडीत वरच्या खुणेपर्यंत.

६. हवा काढायचा स्क्रू असेल तर

काही गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घरावर, हीटरच्या होजवर किंवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा प्लास्टिकचा किंवा पितळी स्क्रू असतो. ट्रॅक्टरच्या डिझेल लाइनची एअर काढताना बोल्ट ढिला करतात ना, तोच प्रकार. इंजिन गार असतानाच दीड-दोन आटे सैल करा. आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुडा नसलेली सलग धार. धार सलग झाली की बंद करा. पूर्ण काढू नका, पडला तर इंजिनाच्या सापटीत जातो आणि सापडत नाही. आवळतानाही बोटांच्या ताकदीनं. प्लास्टिकचा स्क्रू ‘अजून थोडा’ म्हणता म्हणता तुटतो. एकाहून जास्त स्क्रू असतील तर क्रम पुस्तकात बघा.

स्क्रू नसेल तर काही अडत नाही, वेळ जास्त लागतो एवढंच.

७. इंजिन सुरू करा आणि थांबा

गळ्यातला टॉवेल, लोंबणारी बाही, मोबाइलची वायर, सगळं बाजूला. रेडिएटरचा पंखा केव्हाही, न सांगता सुरू होतो.

रेडिएटर कॅपवाल्या गाडीत कॅप उघडी, नरसाळं जागेवर, इंजिन मंद चालू. बाटलीवाल्या गाडीत कॅप उघडी ठेवायची की लावायची हे गाडीगणिक बदलतं. पुस्तक सांगेल तसं.

पहिली पाच-सात मिनिटं बारीक बुडबुडे येत राहतील. वरचा होज हळूहळू तापेल. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो (नेमका आकडा गाडीप्रमाणे). तो उघडला की नरसाळ्यातली पातळी एकदम खाली जाते, कधी मोठा ढेकर येतो. घाबरू नका, आपण याचीच वाट बघत होतो. कूलंट ओता आणि तळ दिसू देऊ नका, नाहीतर काढलेली हवा पुन्हा आत जाईल. याच सुमाराला खालचा होजही कोमट व्हायला लागतो, म्हणजे रेडिएटरमधून प्रवाह सुरू झाला. इथून पुढे होज दाबायचे तर जाड हातमोजे घालूनच.

आता कुणाला तरी आत बसवून आरपीएम २००० ते २५०० वर अर्धा मिनिट धरायला सांगा, मग सोडायला. दोन-तीन वेळा. पंप जोरात फिरला की कोपऱ्यातले फुगे हलतात. रेस सोडल्यावर पातळी उसळून वर येते, त्यामुळे तोंड नरसाळ्यावर धरू नका.

रेडिएटरचा पंखा आपणहून सुरू झाला, थोड्या वेळानं बंद झाला, आणि असं दोनदा झालं, तोवर बुडबुडेही थांबले आणि हीटरमधून इंजिन मंद चालू असतानाही कडक गरम वारा येतोय, तर काम झालं. साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. पावसाळ्यात गार वारं असलं की जास्त.

मध्येच काटा लालकडे गेला, किंवा काटा वर असूनही पंखा लागला नाही, तर लगेच इंजिन बंद करा. पुन्हा गार होऊ द्या आणि पाचव्या पायरीपासून सुरू करा.

८. बंद करा, गार करा, पुन्हा बघा

इंजिन बंद करा आणि नरसाळं तसंच ठेवून गार होऊ द्या. गार होताना कूलंट आकसतं आणि नरसाळ्यातलं आत ओढलं जातं. पूर्ण गार झाल्यावर नरसाळं काढा, रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, कॅप लावा, बाटली खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये.

उरलीसुरली हवा पुढच्या दोन-चार फेऱ्यांत आपोआप निघते, पण कॅप धड असेल तरच. कॅपमध्ये दोन झडपा असतात. इंजिन तापलं की फुगलेलं कूलंट हवेसकट एका झडपेतून बाटलीत जातं. गार होताना दुसऱ्या झडपेतून नुसतं कूलंट परत ओढलं जातं, हवा बाटलीत वर निघून जाते. म्हणून बाटलीतल्या नळीचं टोक कायम कूलंटमध्ये बुडालेलं पाहिजे. नळीला चीर असेल किंवा बाटली रिकामी असेल तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते आणि तुमची सकाळ वाया. कॅपचं रबर कडक झालेलं दिसलं तर कॅपच बदला, तेवढ्याच दाबाची. आकडा कॅपवर छापलेला असतो.

मग चालवून बघा. मी आधी रंकाळ्याला एक-दोन फेऱ्या मारतो: गर्दी, सिग्नल, मंद चाल, म्हणजे पंख्याची परीक्षा. घरी येऊन गाडी रात्रभर उभी. सकाळी कॅप उघडून पातळी बघायची. पाव लिटरच्या आत कमी झाली असेल तर चिंता नाही, भरायची. दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याचा चढ. तिथं काटा हलला नाही तर पास. तिसऱ्या सकाळीही पातळी उतरली तर मात्र कूलंट कुठंतरी जातंय. कोकणात उतरायचं असेल तर हे सगळं किमान तीन दिवस आधी करा, आदल्या रात्री नाही.

९. हवा पुन्हा पुन्हा येत असेल तर

दोनदा नीट काढूनही हवा परत आली तर तिसऱ्यांदा काढत बसू नका, शोध घ्या. होजच्या क्लिपांपाशी पांढरे-हिरवे-गुलाबी सुके डाग, वॉटर पंपाखाली ओल, पायाशी कार्पेट ओलं आणि काचेवर चिकट धुकं (हीटरची गळती), इतकं आधी बघा. बाहेर काहीच सापडलं नाही तर हेड गॅस्केटचा विचार करायचा. त्याच्या खुणा वेगळ्या असतात:

- गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक.
- नरसाळ्यात बुडबुडे संपतच नाहीत, रेस केली की वाढतात.
- सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर.
- ऑइलच्या काडीवर किंवा झाकणाखाली दुधाच्या चहासारखा रंग.

गॅरेजमध्ये यासाठी एक सोपी तपासणी असते: कॅपच्या जागी काचेची नळी लावून त्यात निळं द्रव घालतात. जळालेला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर ते पिवळं किंवा हिरवट होतं. हेड खोलायचं म्हणणाऱ्याला आधी ही तपासणी करायला सांगा. माझ्या वेळी मला हे माहीत असतं तर एक रात्र नीट झोपलो असतो.

काही सल्ले, जे ऐकायचे नाहीत

“थर्मोस्टॅट काढून टाका की, आपल्याकडं काय बर्फ पडतोय?” हा सल्ला तुम्हाला मिळणारच. थर्मोस्टॅट फक्त थंडीसाठी नसतो. तो नसला तर इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त पितं, लवकर झिजतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच काढला तर निम्मं कूलंट रेडिएटरला वळसा घालून जातं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. बिघडला असेल तर नवा बसवा. बसवताना त्याच्या कडेला बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन दिसली तर ती बाजू वर ठेवायची. ते भोक हवेलाच वाट म्हणून दिलेलं असतं. खाली ठेवलंत तर हवा कोंडलीच.

“फॅन डायरेक्ट करून देतो.” पंखा कायम फिरेल, आणि बिघाड झाकला जाईल.

“पाणी टाका, पाण्यासारखं काय नाही.” रस्त्यात अडकलात तर गार झालेल्या इंजिनात पाणी घालून घर गाठा, हरकत नाही. पण तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. आणि बोअरचं पाणी कायमचं तर मुळीच नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, घरातल्या गीझरमध्ये बसतात तसेच.

“हिरव्यात हिरवं, लालमध्ये लाल.” रंग हा कंपनीचा, प्रकार नव्हे. एकाच रंगाची दोन कूलंटं आतून वेगळी असू शकतात, आणि भलतं मिश्रण कधीकधी गाळ धरतं. डब्यावरचा प्रकार पुस्तकाशी जुळवा.

घाटात गाडी तापलीच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, खिडक्या खाली. घाम फुटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता तोही बाहेर टाकतो. कूलंट मुळातच कमी असेल तर हीटरमधून गारच वारा येईल. तसं झालं तर त्याच्या भरवशावर एक वळणही पुढे जाऊ नका. सुरक्षित जागा मिळताच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, कॅपला हात लावू नका.

घमेल्यात जमलेलं जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ‘विष’ असं लिहा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून त्यांच्याकडे द्या. गटारात ओतलंत तर ते जयंती नाल्यातून पंचगंगेलाच जातं. जमिनीवर सांडलेल्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाका, शोषलं की भरून घ्या, मग भरपूर पाण्यानं धुवा. गल्लीतली कुत्री सकाळी त्याच जागी हुंगायला येतात.